सर्व्हरवरचा पाळणा

सासूबाईंच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं. आवाजाची नस तिथूनच जाते, आवाज बदलू शकतो, कायमचा बसूही शकतो. सासूबाई बरकतपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरातल्या. सरकारी शाळेत जन्मभर हिंदीतून गणित शिकवलेलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "आईचे पाळणे आता मला एकटीलाच येतात. कुठे भरून ठेवतेस का?"

मी पुण्याची. कंपनीत सर्व्हर सांभाळते. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण यंत्रातलं कळतं, म्हणून हो म्हटलं.

लॅपटॉपवर भरलेला पहिला पाळणा ऐकला, तर मधूनमधून नुसती टकटक. लॅपटॉप एकीकडे अपडेट घेतोय, एकीकडे कसल्या कसल्या सूचना दाखवतोय, गाण्याकडे लक्षच नाही. डोकं फिरलं माझं. घरात सरावासाठी ठेवलेला एक धिप्पाड संगणक होता, त्याच्यावर सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम. म्हटलं, याच्यावर बघू. नवरा म्हणाला, "सर्व्हरवर कोणी गाणी भरतं का? नवीन लॅपटॉप घेऊ ना." त्याला सगळ्या दुखण्यांवर एकच औषध माहीत आहे.

सर्व्हरवर आवाज मुळातच बंद असतो. बंद खोलीत राबणाऱ्या यंत्राचं ऐकायला बसलंय कोण. ती सोय हाताने सुरू केली. माइक जोडायचा डबा तर "ही सिस्टीम मला चालत नाही" म्हणून अडून बसला, त्यालाही मागच्या दाराने आत घेतला. एकदा बसल्यावर मात्र काय सांगू, टकटक गायब. साधा संगणक समोर उघडलेल्या कामाची आधी सरबराई करतो. सर्व्हर माजघरात राबणाऱ्यांनाही तितकंच वाढतो, आणि आवाज भरायचं खरं काम पडद्याआड, माजघरातच चालतं.

हा सर्व्हर बंद करायला गेलं की कारण विचारतो. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. "बंद व्हायला पण कारण पाहिजे याला? पुण्याचा दिसतो." मी हसले नाही, पण मुद्दा बरोबर होता.

खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या, बेगम बाजारातून आणलेली जाड पायपुसणी दाराला अडकवली, पंखा बंद केला. सासूबाई काठाची साडी नेसून, घामाघूम होऊन माइकसमोर बसल्या, आणि तिथे घोटाळा झाला.

मुलाशी त्या बोलतात ती मराठी वेगळी आहे. तिच्यात दखनी वळणाचं हौ, नक्को, काय की, परेशान, सगळं येतं. माझ्यासमोर मात्र पहिल्यापासून जपून बोलायच्या. पुण्याची सून म्हणजे तपासणीला आलेली बाई. माइकसमोर तर कहरच केला. "आता मी आपणांस माझ्या मातोश्रींकडून शिकलेला पाळणा सादर करीत आहे." शब्दही सुधारून घेतलेले. भाजी निवडताना गुणगुणायच्या तेव्हा बाळाला "निंदर" यायची, इथे तिची "निद्रा" झाली. चाल लंगडली, हे माझ्यासारखीलाही कळलं.

"आई, तुमची आई म्हणायची तसंच म्हणा की."

"ते गावंढळ वाटतं गं. पुढे कोणी ऐकलं तर?"

मला रागच आला. म्हटलं, "आमच्या पुण्यात काय लोक तुपात घोळून बोलतात?" पण ऐकतील तर शपथ. सगळे पाळणे असेच शुद्ध करून म्हटले. मी मधे थांबवत नव्हते, एकदा सुरू केलं की भरू देत होते. उठताना बजावलं त्यांनी, "मधलं बोलणं तेवढं कापून टाक." मी हो म्हटलं आणि नंतर ते कामात राहून गेलं.

गाठ साधी निघाली. आवाज बसला. आधी नुसती कुजबुज, मग व्यायाम करून करून फाटक्या कापडासारखं काहीतरी. काही महिने गेल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, ऐकव.

कानाला हेडफोन लावून बसल्या. मी दुसरा जोड लावला. पाळणे त्यांनी पेपर तपासावा तसे ऐकले, मान हलवत. मग एका पाळण्यानंतर नवऱ्याने त्या दिवशी मधेच दार उघडून पंखा लावू का विचारलं होतं, ते आलं. "अरे काय की बाई, किती सांगू. पंखा लावू नक्को रे, ती परेशान होते. हौ की नाही बोल तरी." भरघोस, खणखणीत, अख्खा वर्ग गप्प बसवणारा आवाज.

कापायचं राहिलं होतं म्हणून मी घाईने बंद करायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आईच बोलतेय असं वाटलं," म्हणाल्या. त्या फाटक्या आवाजात. "हुबेहूब." मग माझ्याकडे वळून, "हा आवाज आता यायचा नाही ना गं मला?"

खोटा धीर देणं मला जमत नाही. म्हटलं, "नाही, आई."

त्यांनी मान हलवली. "पाळणा नको. ते मधलं लाव परत."

मी लावलं.