ओठाखालचं बोट

दाढी करताना गावचे न्हावी नाथामामा माझ्या आजोबांच्या वरच्या ओठाखाली स्वतःचं बोट घालायचे. आबांचे समोरचे दात नव्हते. ओठ आत गेल्यामुळे वस्तरा नीट चालत नसे. दात पडलेल्या इतर म्हाताऱ्यांना मामा जिभेने ओठ फुगवायला सांगत. आबांना मात्र त्यांनी कधी तसं सांगितलं नाही. दर सोमवारी सकाळी, गावातल्या सगळ्यांच्या आधी, ते वस्तरा-कात्रीची धोकटी घेऊन आमच्या ओट्यावर हजर असत.

आबांचे दात मामांनीच उपटले होते, हे मी सातवीत असताना आजीने सांगितलं.

मी रांगत होतो त्या सालची गोष्ट. आमच्या भोकरदनकडच्या गावात तीन-चार बाया घुमायला लागल्या, कुत्र्यासारख्या भुंकायला लागल्या. भानामती झाली म्हणून देवऋषी आणला. त्याने आबांचं नाव घेतलं. करणी करणाऱ्याचे समोरचे दात काढले की त्याला मंत्र म्हणता येत नाही, अशी समजूत होती, आणि दुखरा दात काढायला तेव्हा गावात न्हावीच असे. आबांना पारावर बसवलं, मामांना घरून बोलावून आणलं. सगळं गाव बघत उभं होतं. चिमट्याने तीन दात निघाले. बाया पुढे दोन महिने भुंकतच होत्या.

आबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त सोमवारी मामा म्हणत, "आबा, तोंड उघडा," तेव्हा आबा म्हणत, "उघडलं. आज काय काढणार हैस?" आणि फटीतून शीळ वाजल्यासारखे हसत. मामा हसत नसत.

मामा देवभोळे होते. दरवर्षी देवदर्शनासाठी जांबेला पायी जाऊन येत. त्यांच्या दुकानात शाळेचे हेडमास्तर आणि भजनातले बुवा यांचा वाद ठरलेला असे. हेडमास्तर म्हणत, शाळा आली, दवाखाना आला, माणूस सुधारतच चाललाय. बुवा म्हणत, कलियुगात माणूस घसरणारच, देवाची भीती राहिली नाही. एकदा मामा वस्तऱ्याला धार लावता लावता म्हणाले, "तुमी दोघं बी त्या दिवशी पारावर व्हते."

दहावीनंतर वडील मला ऊसतोडीला अंकुशनगरकडे नेणार होते. मामा आमच्या घरी येऊन बसले. "ह्याला शिकू द्या. शिकलेल्याच्या दारात जमा व्हताना गाव जरा इचार करतं." वडिलांनी ऐकलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो त्या एका वाक्यामुळे. हे उपकार मी विसरलो नाही. आबांच्या दातांची गोष्टही विसरता आली नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गावात पुन्हा एक पोरगी भुंकायला लागली. आबा तोवर गेले होते. या वेळी एका विधवा बाईचं नाव निघालं. माणसं मामांच्या दारात आली.

"मामा, चिमटा घ्या."

"चिमटा हिरीत टाकला."

"दुसरा आणतो की."

"मंग हात बी दुसरा आणा," मामा म्हणाले आणि दारातच बसून राहिले.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली आणि गर्दी पांगली. बाईच्या अंगाला कुणाचं बोट लागलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "बघ नाथा, मी म्हणत न्हवतो?" बुवा म्हणाले, देवानेच बुद्धी दिली.

संध्याकाळी मामांनी मला बोलावलं. "जीप येणार हे मला सकाळीच कळल्तं," ते हळूच म्हणाले. "तव्हा देवऋष्याला भ्यालो, म्हणून दात काढले. आज जीपला भ्यालो, म्हणून न्हाई म्हणलो. तू शिकून राह्यला, तू सांग. मी सुधरलो, का नुसतं भ्यायचं ठिकाण बदललं?"

कायद्यामुळे चांगली सवय लागते, असं काहीतरी मी बोललो.

"हे पुस्तकातलं झालं," मामा म्हणाले.

पुढे मी जालन्याला शिक्षक झालो. बऱ्याच वर्षांनी गावी गेलो तेव्हा मामा अंथरुणाला खिळलेले होते. दाढी वाढलेली, तोंडाचं बोळकं झालेलं. घरातले शेतात होते. मी खुंटीवरची त्यांचीच धोकटी काढली.

गाल झाले. गळ्याशी वस्तरा आला तेव्हा माझा हात थांबला. घरात आम्ही दोघंच होतो. मामा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान थोडी आणखी वर केली. तो हात पुन्हा सावकाश चालायला लागला, तो कशामुळे, हे मला आजही सांगता येत नाही. माणूस सुधारत जातो असं मी वर्गात शिकवतो, आणि शिकवताना तो गळा माझ्या डोळ्यांसमोर असतो.

शेवटी वरचा ओठ राहिला.

"मामा, तोंड उघडा."

"उघडलं," ते म्हणाले. "आज काय काढणार हैस?"

मी ओठाखाली बोट घातलं. मला हसता आलं नाही.