आमची आळी भिंतीच्या बाहेर

खरं सांगा, नदीचं पाणी तुमच्या घरात कधी तुमच्या सोयीने शिरलं आहे का? मदत मिळणार असेल तर कमरेपर्यंत, आणि घरात लग्न ठरायचं असेल तर नुसतं घोट्यापर्यंत? आमच्या गावात पाणी असंच शिरतं. तशी सरकारी कागदावर नोंद आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर, नदीकाठी, आमचं बाजाराचं गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावाची बदनामी केली म्हणून माझ्या निषेधाची सभा होईल आणि त्या सभेच्या खुर्च्याही मलाच मांडाव्या लागतील, कारण खुर्च्या मांडायचं काम गावाने कायमचं खालच्या आळीला देऊन टाकलं आहे.

गावाचे भाग दोन. वरची पेठ चढावर, खालची आळी नदीला लागून. आम्ही खालचे. आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, वडील टेम्पो घेऊन फिरतात. उरलेल्या वेळात ते मोर्चे काढतात. आमच्या घरात पीठ संपलं तरी पत्रकं संपत नसत. मला ‘धिक्कार’ हा शब्द ‘धन्यवाद’च्या आधी लिहिता आला, आणि अजूनही तोच जास्त वळणदार येतो.

आमच्या भिंतीला भिंत लावून गादीवाले चाचा राहतात. पुढे दुकान, मागे घर, मध्ये कापूस पिंजायचं मशीन. आळीतल्या प्रत्येक लग्नाची गादी त्यांच्या हातची. वरच्या पेठेतल्यासुद्धा.

तर, पूर आला तो भर दुपारी. वरच्या धरणातून पाणी सोडलं. सावध करायचा भोंगा वाजला तेव्हा पाणी आमच्या स्वयंपाकघरात होतं, म्हणजे भोंग्याची बातमी आम्ही आधीच ऐकलेली होती. आईने गॅसची टाकी खाटेवर ठेवली, मग टाकीसकट खाटच दाराकडे निघाली. चाचा छातीएवढ्या पाण्यात कापसाचा गठ्ठा डोक्यावर धरून उभे होते. भिजला की कापूस दगडापेक्षा जड होतो. शेवटी त्यांनी हात सोडले. गठ्ठा एकदा गिरकी घेऊन पुलाकडे गेला आणि ते त्याच्याकडे बघत राहिले.

वरच्या पेठेने मात्र माणुसकी दाखवली. शाळा उघडून दिली, पिठलं-भाकरी दिली, अंगावर घालायला कपडे दिले. हे सगळं मोबाइलमध्ये उतरवून घेतलं, तेही खरं. एकाच्या रीलमध्ये आईची खाट टाकीसकट तरंगत गेलेली दिसत होती आणि मागे गाणं लावलेलं होतं.

पाणी ओसरलं आणि पंचनाम्याचे दिवस आले. घरोघर फिरायला माणसं कमी होती, म्हणून चावडीवर फॉर्म ठेवले. पाणी किती आलं, काय गेलं, हे ज्याचं त्याने लिहून द्यायचं. आळीत चांगलं अक्षर माझं, म्हणून सगळ्यांचे फॉर्म मी भरायला बसले.

पहिला फॉर्म आमचाच. मी लिहिणार ‘छातीएवढे’, तेवढ्यात आईने हात धरला.

“घोट्याएवढं लिही.”

“आई, खाट तरंगली आपली!”

“तरंगू दे. तुझ्या भावाला राजुरीचं स्थळ आलंय. पाण्यातल्या घरात पोरगी कोण देतंय? घोट्याएवढं लिही म्हणते ना.”

मग चाचा आले. “बेटा, मेरा भी घोट्याएवढंच लिख. छाती लिहिलं तर लोक म्हणतील, चाचाचा कापूस भिजलेला, वाळवून भरतोय. गादी कोण घेईल?”

बाकीच्यांचं कारण वेगळं. कुणीतरी सांगितलं होतं की जास्त पाणी लिहिलं की घर पूररेषेच्या आत जातं, मग ना दुरुस्तीची परवानगी, ना खोली चढवता येत. झालं. सगळी आळी घोट्यावर आली. नुकसानीच्या रकान्यात ‘किरकोळ’. मला पटत नव्हतं. मी भाषण केलं. भाषण संपल्यावर सगळ्यांचे फॉर्म घोट्याएवढेच भरले, वळणदार अक्षरात.

त्याच वेळी वरच्या पेठेतही फॉर्म भरले जात होते. तिथे उंबरासुद्धा ओला झाला नव्हता. पण मदत येणार म्हटल्यावर पेठेत पाणी चढायला लागलं. पहिल्या घराने गुडघ्याएवढं लिहिलं, शेजारच्याने बघून मांडीएवढं, आणि चौकातल्या कापडदुकानदाराने, जो ग्रामपंचायतीत सदस्यही आहे, कमरेएवढं. त्याच्या पुढे कुणी गेलं नाही, कारण सदस्याच्या वर पाणी दाखवणं बरं दिसत नाही. खाटेचं ते रील मोबाइलवरून काढून टाकलं गेलं, कारण त्यात मागे सदस्याच्या दुकानाची पायरी कोरडी दिसत होती.

बरेच महिने गेले. मग ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. गावाला पूरसंरक्षक भिंत मंजूर होते आहे, मोठा वाटा सरकार देईल, उरलेला गावाने घरपट्टीबरोबर द्यायचा, त्यासाठी मंगल कार्यालयात लोकांचं मत घेणार आहेत, सर्वांनी उपस्थित राहावे. आळीत आनंद झाला. आई म्हणाली, “बघ, न मागता मिळतंय. तुझ्या बापाने मोर्चे काढून काय आणलं?”

लोकांचं मत घ्यायचं तर आधी लोकांच्या सह्या घ्याव्या लागतात. दारातच वही होती. सही केली की वडापावचं कुपन. मत मात्र कुठे द्यायचं ते टेबल दिसलं नाही. आधी सत्कार झाले. भिंतीचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांचा झाला, साहेबांच्या साहेबांचा झाला, नकाशा काढणाऱ्या कंपनीच्या माणसाचा झाला. शाल, नारळ, फेटा. एका फेट्याला पिन मिळेना म्हणून पुराचा विषय थोडा थांबला. तिकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत आभाळातून येणारा बारीकसा आवाज ऐकायला केवढ्या तबकड्या उभ्या केल्या आहेत. इथे पहिल्या रांगेतल्या माणसाला प्रश्न विचारायचा होता, तर त्याला सांगितलं, “भाऊ, शेवटी. आभार झाल्यावर.”

मग पडद्यावर नकाशा आला. निळी नदी, आणि तिच्या काठाने जाणारी जाड लाल रेघ. ती भिंत. रेघ पुलापासून निघाली, मारुतीच्या देवळाला वळसा घालून पेठेच्या पायऱ्यांच्या कडेने वर गेली. मी आमची आळी शोधायला लागले. सापडली. ती लाल रेघ आणि निळी नदी यांच्या मध्ये होती.

मी दोनदा निरखून पाहिलं. भिंतीच्या एका बाजूला वरची पेठ, दुसऱ्या बाजूला आम्ही आणि नदी. पुढचा पूर आला की पाणी पेठेकडे पसरणार नव्हतं. ते भिंतीला धडकून आमच्याच आळीत उंच होणार होतं. आणि त्या भिंतीचा वाटा आमच्याही घरपट्टीत होता.

मी तयारीने गेले होते. पिशवीत पत्रकं होती. मथळा ‘लोकांना वगळून लोकांची भिंत? धिक्कार!’. लोकांना न विचारता भिंतीची वर्गणी ठरवली, यावर ते लिहिलेलं होतं, आळीच बाहेर पडेल असं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी मी उठले, पत्रकं वाटली आणि बोलले. अन्याय, षडयंत्र, हेतुपुरस्सर हे सगळे शब्द वापरले. टाळ्या पडल्या. वरच्या पेठेनेही वाजवल्या, त्यांना माझी भाषणं आवडतात.

साहेबांनी पत्रक नीट वाचलं. शांतपणे म्हणाले, “ताई, भाषा छान आहे. पण जिथे जास्त पाणी आलं त्या घरांसाठी भिंत असते. तुमच्या आळीत घोट्याएवढं आलं. नुकसान किरकोळ. हे तुमच्याच लोकांनी लिहून दिलंय.” मग फाइल उघडून पहिलं पान माझ्यासमोर धरलं. “अक्षर कुणाचं आहे हो हे? सगळ्या आळीचं एकच दिसतंय.”

पत्रकावरचा मथळा मी स्वतःच्या अक्षरात लिहून छापला होता. दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. ‘धिक्कार’मधला क आणि ‘किरकोळ’मधला क अगदी एका वळणाचा होता.

“माझं,” मी म्हणाले.

सगळं कार्यालय हसलं. कापडदुकानदार सदस्य तर फेटा सावरत हसला. “ताई, षडयंत्र कुणाचं व्हतं मग?”

मी खाली बसले. आई जमिनीकडे बघत होती. तेव्हा मागच्या रांगेतून चाचा उठले. त्यांना माइक नको होता, आयुष्यभर मशीनच्या आवाजावर बोललेला माणूस.

“साहेब, माझ्या घरात पाणी छातीला व्हतं. घोट्याला न्हाई. मी खोटं लिहवून घेतलं. पोरीची चूक नाय.”

“मग चाचा,” सदस्य ओरडला, “मागल्या दिवाळीला मला गादी दिली, ती कंच्या कापसाची? तरी म्हणलं लई गार लागती!”

पुन्हा हशा. चाचांनी तो संपू दिला. ज्या गोष्टीला ते इतके महिने भीत होते, ती एवढ्या लोकांसमोर बोलून झाली होती.

“भिजला तो कापूस नदीत गेला, राव. पुलावरनं समद्यांनी बघितला. तुमची गादी नव्या कापसाची. पण मला एक सांगा. तुमच्या दुकानात कमरेएवढं पाणी व्हतं ना? कागदावर हाये. मग त्या आठवड्यात तुमी मला दुकानातली जुनी गादी पिंजायला पाठवली, ती कोरडी ठणठणीत कशी व्हती?”

या वेळी हसली ती फक्त खालची आळी. वरची पेठ एकदम वडापावकडे वळली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. नकाशा अजून कच्चा आहे. लेखी हरकती घेणं सुरू आहे. खालच्या आळीतल्या प्रत्येक घराने पाण्याची खरी उंची नव्याने लिहून द्यावी. पण तेवढ्याने भागणार नाही. पेठेत कमरेएवढं पाणी कागदावर आहे तोवर पूररेषा पेठेवरूनच जाणार आणि भिंत पायऱ्यांशीच राहणार. पैसे एकाच भिंतीचे आहेत; पेठेने खरं लिहून दिलं, तरच ती नदीकाठी नेता येईल.

आळीने दोन दिवसांत नवीन अर्ज दिले. ते मी भरले नाहीत, ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिले, वेडेवाकडे. आईने ‘छातीएवढे’ लिहिलं आणि मग राजुरीला फोन लावला, आपणच आधी सांगितलेलं बरं म्हणून. पलीकडून मुलीची आई म्हणाली, “अहो ताई, आमाला तवाच ठावं झालं. तुमची खाट चाललेली मोबाइलवर बघितली की आमी. लई हसलो.” लग्न ठरलं. म्हणजे ज्या खोट्यापायी आळी नदीत गेली, ते खोटं राजुरीत कुणी एक दिवसही खरं मानलं नव्हतं.

चाचांच्या दुकानात मात्र सध्या गिऱ्हाईक कमी आहे. पेठेतलं तर कुणीच येत नाही. म्हणतात, त्यांच्या जिभेचा भरवसा नाही. पेठेतून हरकतही एकसुद्धा आलेली नाही. मी दारोदार गेले. चहा प्रत्येक घरात मिळाला. “तुझं खरं हाये गं, पण सरकारनं दिलेली मदत परत मागितली तर?” असं सदस्याच्या बायकोने विचारलं. तिच्या मुलीच्या लग्नाची गादीही चाचांनीच भरली होती. मी तिला खात्री देऊ शकले नाही. कदाचित मागतील.

हे मी पत्रक म्हणून छापलेलं नाही. पत्रक तुम्ही न वाचता घडी घालून खिशात ठेवता, मला माहीत आहे. पण तुम्ही वरच्या पेठेत राहत असाल, किंवा कुठल्याही नदीकाठच्या गावातल्या चढावर राहत असाल आणि तुमच्या नावावर न आलेलं पाणी लिहिलेलं असेल, तर हरकतींची मुदत संपण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा: आमच्या घरात पाणी आलं नव्हतं. खाली सही करा, ग्रामपंचायतीत द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.