मोज्यांची घडी

मोजे हे वस्त्र आहे की नाही, याचा निर्णय आमच्या घरात माझ्या थोरल्या बहिणीनं दिला आणि तो माझ्या विरुद्ध गेला.

शैला, माझी बायको, जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीतल्या बायकांबरोबर ती रोज सकाळी पळायला जायची. मी तेव्हा खुर्चीत वाचत असे. "एकदा तरी माझ्याबरोबर पाच किलोमीटर पळा. न थांबता," ती म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. (ग्रंथपालाची नोकरी केलेल्या माणसाला मुदत वाढवून द्यायची सवय असते.) ती गेल्यावर त्या बायकांनी शर्यतीत माझं नाव घातलं आणि मी नाही म्हणालो नाही. न थांबता पाच किलोमीटर, एवढंच करून दाखवायचं होतं. कुणाला, ते विचारू नका.

सरावाच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या नोकरीतल्या सुती मोज्यांनी टाचांना फोड आणले.

"बाबा, कॉटन घाम धरून ठेवतं," आमची मुलगी रेवा म्हणाली. "रनिंगचे सॉक्स घे. जास्त महागातले नको. तू ऑलिंपिकला चालला नाहीयेस."

मी आधी या विषयावर भरपूर वाचलं. शिवण बोटांवर येऊ नये, टाचेला घट्ट बसावेत, डावा-उजवा वेगळा असावा. एवढी तयारी करून दुकानात गेलो.

"पळायचे मोजे हवेत."

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"आत्तापर्यंत कशात पळत होता?"

"पळत नव्हतो."

"मग घाई काय आहे?"

मी विषय बदलला. "घालून पाहता येतील?"

"पुस्तकाच्या दुकानात शेवटचं पान वाचू देतात का आधी?"

"देतात," मी म्हणालो. हे मला नक्की माहीत होतं.

"मग तिथे मोजे मिळतात का बघा."

तरीही मी घेतलेच. परदेशी जोडाच्या किमतीत मी पूर्वी बूट घेत असे, म्हणून तो बाजूला ठेवून साधा, राखाडी, मऊ जोड घेतला. आत एकावर डावा आणि एकावर उजवा अशी खूण होती. इतका विचार करून केलेली वस्तू हातात आली की मला बरं वाटतं. मी तो टेबलावर ठेवला आणि तेवढ्यात धायरीहून ताई आली.

"हे काय?"

"मोजे."

"नवे?"

"जुने कुठे मिळतात, ताई?"

"वर्षश्राद्ध झाल्याशिवाय नवं कापड अंगाला लावायचं नाही, हे तुला सांगायला हवं का?"

"आत्या, सॉक्स म्हणजे कपडा नाही," रेवा मध्ये पडली. "गिअर आहे तो."

"गिअर गाडीला असतो."

"मग बाबानं मध्ये टूथब्रश आणला तो?"

"तो घालून कुणी चारचौघांत जात नाही."

माझा या नियमावर विश्वास होता असं नाही. पण शैला गेली तेव्हा तेराही दिवस ताईनं आमचं घर चालवलं होतं. तिला मोज्यावरून दुखवणं मला जमलं नसतं. शिवाय त्या नियमात मला एक सोय सापडली होती. नवं काही घ्यायचं नाही म्हणजे घरात जे होतं, ते सगळं शैलानं पाहिलेलं होतं.

ताई हट्टी असली तरी निर्दय नाही. थोडा विचार करून ती म्हणाली, "घडी मोडून घेऊ. नव्या साडीची नाही का दुसरीकडून मोडून घेत? आधी दुसऱ्या कुणी नेसली की ती नवी राहत नाही. तसंच. आमच्या ह्यांना घालायला देते."

'आमचे हे' म्हणजे दाजी. गृहस्थ प्रेमळ आहेत, आणि त्यांच्या मापाची चप्पल दुकानात नसते, मागवावी लागते.

"ताई, पाच मिनिटं पुरे."

"मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन. "काय मऊ आहेत हो तुमचे मोजे! पायात काही आहे असं वाटतच नाही."

"झाली ना घडी मोडून?"

"मोडतोय, मोडतोय. नीट मोडलेली बरी."

दाजींनी ते मोजे घालून फिरणं केलं, बँकेत पासबुक भरून आणलं, एका साखरपुड्याला जाऊन आले. डावा-उजवा ही खूण म्हणजे कारखान्याची चूक असावी, असं त्यांचं मत होतं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ताई मोजे घेऊन आली.

"उकळत्या पाण्यातून काढलेत," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पायातले तुला तसेच कसे द्यायचे?" शिवाय इस्त्री केली होती. घडी मोडायला दिलेले मोजे रुमालासारखी घडी घालून परत आले होते.

मी एक पायात चढवला. तो चढला आणि उतरला. इलॅस्टिक नावाचं जे काही त्यात होतं, ते ताईच्या पातेल्यात राहिलं होतं. अंगठ्याची फुगीर जागा माझ्या करंगळीपाशी आली होती. आता दुसरे आणले असते, तर त्यांचीही घडी मोडावी लागली असती. जुने घालावेत, तर त्यांचे फोड अजून भरायचे होते. रेवानं मोजे सेफ्टी पिनांनी ट्रॅकपँटला अडकवून दिले.

सकाळी शैलाच्या मैत्रिणी माझी वाट पाहत होत्या. त्यांच्या पुढारी माधवीताई म्हणाल्या, "आज आम्ही तुम्हाला एकटं सोडणार नाही." त्यांनी शब्द पाळला.

पहिल्या वळणाआधीच एक पिन सुटली आणि उजवा मोजा टाचेवरून उतरून बुटात गोळा झाला. थांबायचं नव्हतं, म्हणून मी पळता पळता वाकून, लंगडी घालत तो ओढू लागलो. मागून माधवीताईंना काय दिसलं असेल, ते मला नंतर कळलं. एक विधुर गुडघ्यांत मोडला होता.

त्यांनी मला धरून थांबवलं. "येऊ द्या. दाबून ठेवू नका."

"अहो, मोजा घसरला."

"असू दे. आम्हालाही तिची फार आठवण येते."

सगळ्याजणी भोवती उभ्या राहिल्या. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी पाणी दिलं. पुढे डावा उतरला, तेव्हा मी विजेच्या खांबाला धरून एका पायावर उभा राहिलो, तर दोघी डोळे पुसू लागल्या आणि रुग्णवाहिका हळूहळू आमच्या शेजारून चालू लागली. "मोज्याचं आहे," मी ड्रायव्हरलाही सांगितलं. तो आदरानं मान हलवत राहिला.

न थांबता पळायचं ते गेलंच होतं. मी फुटपाथवर बसलो, बूट-मोजे काढले, हातात घेतले आणि अनवाणी निघालो. मागे कुजबूज झाली: "बायकोसाठी अनवाणी पळतायत." मी वळून खुलासा केला नाही. त्यासाठी थांबावं लागलं असतं.

तिथून शेवटपर्यंत मी थांबलो नाही. रेषेच्या पलीकडे गेलो, रेवाकडे पाहिलं आणि मला खरंच रडू आलं, चांगलं हुंदके देऊन.

"अरे बाप रे, पाय सोलवटले यांचे!" माधवीताई ओरडल्या. "बँडेज आणा कुणीतरी!"

पायाला नवं काहीही झालेलं नव्हतं. मी निमूटपणे पाय पुढे केले आणि दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या बांधून घेतल्या.