दारूच्या दिवशी गोळी नाही

मी त्याच्या कानाखाली वाजवली तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते. सोप्यावर भिंतीला पाठ लावून तो बसल्यासारखा पडला होता. सदरा घामानं भिजलेला आणि हात मात्र गार. उजाडल्यापासून तीनदा ओकला होता. तिसऱ्यांदा नुसतं हिरवं पाणी आलं. मी म्हटलं, "ऊठ, तोंड धू, शिमगा संपला." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आये, पाणी." आमची आई जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मला वाटलं, सोंग करतोय. म्हणून मारली.

शेजारचा, ज्याची मालाची गाडी आहे, तो कुंपणापाशी दात घासत उभा होता. तो मला आत्ते म्हणतो आणि माझ्या भावाला काका. त्याला हसू आलं.

"आत्ते, मारतीस कशाला? पाच दिसांची हाय ती. उतराय येळ लागंल."

"तुझ्या बापाची कवा उतरली रे?"

"न्हाई उतरली. पर त्यो काकासारका घसा फोडून गात बी नव्हता."

मी पण हसले. तेवढ्यात भाऊ एका बाजूला कलंडला. कलंडताना माणूस हात तरी टेकतो. त्यानं टेकला नाही. डोकं जमिनीवर आपटलं, तरी तोंडातून आवाज आला नाही. तेव्हा मात्र आम्ही दोघंही हसायचं थांबलो.

हा माझा धाकटा भाऊ. नवरा वारल्यावर मी कानडी मुलखातल्या, कुंभारवाडा गावाकडच्या या वाडीत माहेरी परत आले. पुढं त्याची बायको वारली, आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. त्याला दमा. जंगलात लाकडं ओढून छाती गेलेली. गेल्या वर्षीच्या शिमग्याच्या अकरा महिने आधी रामनगरला एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं बारक्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, रोज सकाळी खाऊन झाल्यावर घ्यायच्या. पाकिटावरचं इंग्रजी मला लागत नाही, मी चौथीपर्यंतच शिकले. पण गोळी चांगली होती. आठ दिवसांत तो चढावर न थांबता चालायला लागला. दोन महिन्यांत तोंड गरगरीत झालं. वाडीतले विचारायचे, "काय रे, सासुरवाडीला राहून आलास काय?" त्याची सासुरवाडी कधीच संपलेली. पण तो खूश व्हायचा. भूकही वाढली होती. मीही समजले की तब्येत भरली. ती सूज होती, हे आम्हाला कुणाला कळलं नाही.

डॉक्टरनं त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, या गोळीवर दारू पिऊ नका, पोटात जखम होईल, रक्त पडेल. दुसरी, विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. मी दोन्ही ऐकल्या. पहिली धरून ठेवली, कारण ती माझ्या कामाची होती. चाळीस वर्षं मी त्याला दारू सोड म्हणत होते, आता डॉक्टर माझ्या बाजूनं बोलला. घरी येऊन गोळ्यांचा डबा मी माझ्या फळीवर ठेवला आणि नियम सांगितला. प्यायलास, तर त्या दिवशी गोळी मिळणार नाही. दोन्ही पोटात एकत्र जाऊ द्यायची नाहीत.

तो म्हणाला, "अक्का, मग गोळीच्या दिशी दारू न्हाई, आन दारूच्या दिशी गोळी न्हाई. बरोबर?"

"बरोबर."

"मग महिन्यातनं एक दीस तरी दारूचा ठेव."

असे एक-एक दिवस गेले. काजूच्या हंगामात दोनदा, एकदा एका लग्नात. प्रत्येक वेळी मी गोळी दिली नाही आणि काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं नाही की धाप वाढली नाही. मला वाटलं, माझं बरोबर आहे.

मग तो शिमगा आला. आमच्याकडं पाच दिवस मांडावर, म्हणजे गावाच्या शिमग्याच्या जागेवर, देवाला गाऱ्हाणं घालतात. गावाची गुरं, पोरंबाळं, भात, सगळ्यांसाठी मागायचं असतं. आमच्या वाडीचं गाऱ्हाणं बापानंतर भावाकडं आलं. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं पेल्यातली धार जमिनीवर सोडायची आणि राहिलेलं आपण प्यायचं. तो पेला नाकारता येत नाही. पण त्याच्यावरचा दुसरा आणि तिसरा नाकारता येतो. तो त्यानं कधी नाकारला नाही.

पहिल्या दिवशी मी गोळी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला.

"अक्का, अंग लई जड झालंय. गोळी दे की."

"काल किती पिलास?"

"देवाची तेवढी."

"देव पिंपानं पितोय काय? वास येतोय तुझ्या तोंडाला. संध्याकाळी परत जाणार हाईस. न्हाई मिळणार."

तो उठून गेला. आई कामाला जायची तेव्हा मीच त्याला सांभाळलं होतं. माझं ऐकायची त्याला सवय होती. चौथ्या दिवशी त्यानं जेवण टाकलं. पाचव्या दिवशी मांडावरून त्याला दोघांनी धरून आणलं. सगळे म्हणाले, यंदा काकाला चढली. मीही तेच म्हटलं.

सहाव्या सकाळचं वर सांगितलं.

शेजाऱ्यानं गाडी काढली. मागं गोणपाट टाकून भावाला निजवलं, मी त्याचं डोकं धरून बसले. रस्ता सगळा वळणांचा आहे. वाटेत तो एकदाही कण्हला नाही. कण्हला असता तर बरं वाटलं असतं. शेजारी पुढून ओरडून विचारायचा, "आत्ते, हाय न्हवं?" मी म्हणायचे, "हाय, तू हाक गाडी."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं कानडीत विचारलं, काय झालं. शेजाऱ्यानं लगेच सांगून टाकलं, शिमग्याची दारू. तिनं भावाचं तोंड बघितलं, मग हातावरची कातडी बघितली. जरा लागलं तरी काळीनिळी पडणारी झाली होती ती. मशीन लावून रक्तदाब बघितला, परत लावला, आणि मला मराठीत विचारलं.

"दम्याच्या गोळ्या चालू आहेत का? रोजच्या?"

"व्हय. अकरा महिने."

"शेवटची कधी घेतली?"

मला 'काल' म्हणता आलं असतं. शेजारी तिथंच उभा होता आणि जे ऐकेल ते दुपारपर्यंत सगळ्या वाडीला कळणार होतं. दारूनं झालं म्हणून सगळ्यांनी धरलंच होतं. मी गप्प राहिले असते तर दोष दारूचाच राहिला असता.

मी म्हटलं, "पाच दिवस झाले. मीच दिली न्हाई. पीत होता म्हणून."

तिनं नर्सला हाक मारली, इंजेक्शन सांगितलं, सलाईन लावलं. सगळं झाल्यावर माझ्याकडं आली. म्हणाली, ही गोळी फार दिवस खाल्ली की शरीर आपलं आतलं तसलं औषध बनवायचं सोडून देतं. गोळी एकदम बंद केली की माणूस कोसळतो. वर दारू आणि उपाशी पोट. "दारू सोडवायची होती तर दारू सोडवायची, आज्जी. गोळी का सोडवली?"

मी जाऊन भावाच्या खाटेपाशी बसले.

दुपारनंतर त्यानं मला ओळखलं. पेज मागितली. तिसऱ्या दिवशी, शेजारच्या खाटेवरचा माणूस बाहेर गेल्यावर, त्यानं विचारलं, "अक्का, तू मुद्दाम केलंस?"

"अर्धं," मी म्हटलं. त्याच्या भल्यासाठी अर्धं, आणि चाळीस वर्षांच्या रागानं अर्धं. खोटं कशाला बोलायचं.

तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

घरी आल्यावर गोळ्या त्यानं आपल्या पेटीत ठेवल्या. नळावर बायका मला बघून बोलणं थांबवायच्या. आता तेही थांबलं. यंदाच्या शिमग्यात त्यानंच गाऱ्हाणं घातलं. सकाळी गोळी घेतली, संध्याकाळी प्यायला, पाचही दिवस. पोटात आग होते म्हणतो आणि ताक पितो. त्या डॉक्टरणीनं त्यालाही समजावलं होतं, दोन्ही एकत्र चालणार नाहीत, आतून रक्त येईल. शौचाला काळं झालं तर लगेच ये म्हणून सांगितलंय. तो मान हलवून आला. त्याला सांगायचा हक्क माझा होता, तो मीच घालवला. मी ताट वाढते, तो जेवतो. पूर्वी भांडायचो, आता भांडतही नाही.

तो वाचला. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, मीही अजून याच घरात आहे.