तळ्याचा नवा पत्ता

समस्त सज्जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, म्हैसूरहून येलवालकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या तळ्याचा एक कोपरा आपला पाणकणसांचा संसार आवरून नंजनगूडच्या पलीकडे राहायला गेला आहे. पाणकोंबड्या, खंड्या, बगळे आणि इतर आप्तेष्टांनी पत्त्यातला बदल ध्यानात घ्यावा.

हसू नका. हे मी एका भरसभेत जवळजवळ याच शब्दांत ऐकलं आहे.

त्या कोपऱ्याशी माझं नातं बायकोकडचं. मी साताऱ्याहून नोकरीसाठी इथे आलो आणि म्हैसूरच्याच एका जुन्या मराठी घराचा जावई झालो. घराणं रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचं, लाकडी ठशांनी छापायचं आणि तळ्यावर नेऊन धुवायचं, हा पूर्वीचा धंदा. आता एक मेहुणा मोबाइलची कव्हरं विकतो, दुसरा लॅपटॉपसमोर बसतो. ठसे मात्र घरात आहेत. दसऱ्यात आयुधपूजेला सगळं म्हैसूर आपापल्या गाड्या धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घालत असतं, तेव्हा आमची वरात परातीत ठसे घेऊन तळ्यावर निघायची. काठाशी पाण्यात अर्धा बुडालेला एक काळा, सपाट दगड होता. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कापड आपटलेलं. ठसे त्या दगडावर ठेवून तळ्याच्याच पाण्याने धुवायचे, मग घरी पूजा. नळाचं पाणी चालत नाही.

या सोहळ्याचे सर्वाधिकारी म्हणजे बायकोचे काका. वीज कार्यालयातून निवृत्त, आवाज लाउडस्पीकरला लाजवणारा, तळ्यावरसुद्धा कोट घालून येणार. पण वडिलांनी त्यांना शाळेत घातलं ते घातलंच, रंगात हात बुडवू दिला नाही तो नाहीच. वर्षातली ती एकच सकाळ काका रंगारी असायचे. बाह्या दुमडून पाण्यात उतरायचे, नि एकेक ठसा असा धुवायचे की बघणाऱ्याने बोलणं थांबवावं. पाणकणसांत कुठेतरी पाणकोंबडी कुरकुरायची. काका तिच्यावरही ओरडायचे, “अय्यो, थांब की गं जरा! तुझंच तळं आहे, कोण नेतंय?”

तो काठ राखीव होता, तसा फलकही होता. तरी तिथे लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून विकायची वसाहत, आला. इकडचा कोपरा बुजवायचा आणि भरपाई म्हणून तेवढ्याच आकाराचं तळं नंजनगूडच्या पलीकडे तयार करायचं, असं ठरत होतं. लोकांच्या हरकती ऐकायला सभा भरली. लेआउटवाल्यांचा इंजिनियर पडद्यावर निळ्या रंगाचे दोन तुकडे दाखवत होता. हा इथला, हा तिथला. एक तसूही कमी नाही.

काका उठले. बायकोने माझं मनगट दाबलं. आता होणार! काकांनी कोटाचं बटण लावलं आणि कन्नडात, राजदरबारात शोभेल अशा थाटात विचारलं, “तळं तिकडे जाणार, तर आमच्या धुण्याच्या दगडाचं काय?”

इंजिनियरने सभा चालवणाऱ्या सरकारी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी इंजिनियरकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. “दगड आम्ही सन्मानाने नेऊन बसवू, सर!” टाळ्यांचा कडकडाट. आम्हीही वाजवल्या, उभं राहून. आणखी कुणाची हरकत? कुणाचीच नाही.

घरी होळिग्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, झाल्या. गल्लीत काकांचा सत्कार झाला. “नुसतं ओरडून काय होतं, जावई? नेमकं मागायला लागतं,” ते मला म्हणाले, आणि मी मान डोलावली. त्या घरात कुणीच कधी देवाणघेवाणीत फसलं नव्हतं. एक वार कापड घ्यावं, एक वार छापून परत द्यावं. तळ्याच्या बदल्यात तळं, हा हिशेब त्यांना रास्त वाटला. मला तर तो फार चतुरही वाटला होता.

पुढच्या दसऱ्याला कोपऱ्याच्या जागी लाल माती आणि प्लॉटचे दगड होते. आम्ही परात मांडीवर घेऊन नंजनगूडची वाट धरली. काका पुढच्या सीटवर नवा कोट घालून. “पाणकोंबड्या आधीच पोचल्या असतील बघ,” ते म्हणाले. वाटेत दर वळणावर, “आलं का?”

आलं. भोवती तारेचं कुंपण, कुलूपबंद फाटक. आत चौकोनी खड्डा, शेततळ्याला अंथरतात तसा काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, आणि तळाशी पावसाचं थोडं पाणी. काठावर पिशव्यांसकट ओळीने पुरलेली पाणकणसं, वाळून उभी. पक्ष्यांपैकी एक कावळा होता, तोही वॉचमनच्या डब्याकडे बघत.

वॉचमन भला माणूस. हात जोडून म्हणाला, “आत सोडता येत नाही, सर. राखीव जागा आहे. पाण्याला माणसाने हात लावायचा नाही.” आमची परात बघून त्याला वाईट वाटलं असावं. त्याने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

काकांनी ती घेतली नाही. ते कुंपणाच्या पलीकडे बघत होते. दगड खरोखरच आणला होता, दिलेला शब्द पाळून. फक्त आडवा नाही, उभा. पाण्यापासून लांब, सिमेंटच्या चौथऱ्यावर, कडेने पांढरा रंग दिलेला. कुणीतरी त्याला कुंकू लावून जास्वंदही वाहिलं होतं.

बायकोने परात हळूच गाडीच्या बॉनेटवर ठेवली. काकांनी सवयीने दुमडलेल्या बाह्या एकेक करून सरळ केल्या, मनगटाची बटणं लावली, कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली आणि आयुष्यभराच्या त्या आवाजात वॉचमनला विचारलं, “नोडप्पा, बघ बाबा, दगड तर वेळेवर आला. तळं कधी येणार?”