सुनंदाचा हलका हात

सुनंदा गेल्याचा वॉर्डातून फोन आला, तेव्हा मी पुनावळ्याला घरी मेथी निवडत होते. रडू आलंच... आणि मागोमाग मनात आलं, आता पुढचे कित्येक दिवस हिचंच कौतुक ऐकायचं. त्याला महिना होत आला. कौतुक अजून चालू आहे.

वाकडच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आम्ही दोघी सिस्टर. ती लातूरकडची, मी इथलीच. काम एकच, पण पेशंट हाक मारायचे ती तिला. मला सापडता सापडत नसलेली शीर तिच्या बोटाखाली आपणहून येऊन बसायची. माझ्या सासूबाई ॲडमिट झाल्या तेव्हा तर हद्दच झाली. सलाईनची सुई घालायला मी हात धरला, तर म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे. त्या सुनंदाला बोलीव, तिचा हात हलका हाय." घरची सून उभी, आणि मान बाहेरच्या बाईला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुनंदाने सुई घातली, एका झटक्यात, आणि सासूबाईंनी "हूं" सुद्धा केलं नाही.

मनगटाच्या धमनीत डॉक्टर नळी घालतात, तिच्यामुळे ठोक्याठोक्याचा रक्तदाब पडद्यावर दिसतो. मानेतल्या मोठ्या शिरेतल्या नळीतून जालीम औषधं जातात, आतला दाबही कळतो. पण नळीला जोडलेला सेन्सर हृदयाच्या पातळीत हवा. पेशंटला वर-खाली केलं आणि तो तिथेच राहिला, की आकडा खोटा. पलंग हलला की सुनंदाचा हात आधी सेन्सरवर. तिच्याआधी पोचायचं मी किती वेळा ठरवलं, एकदाही जमलं नाही. तिला तर आमची शर्यत चालली आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, याचा राग वेगळाच.

शेवटी तीच आमच्याकडे पेशंट होऊन आली. मनगटात नळी, मानेत नळी, आणि पाळी माझी. धाप लागली म्हणून मी तिला उशाकडून उचललं. रक्तदाब एकदम चढलेला दिसला. डॉक्टरांना हाक मारायला वळले, तोच ती पुटपुटली, "अगं, आधी सेन्सर वर घे की."

"जरा पेशंटसारखी पड ना," मी चिडून म्हणाले. ती हसली... तेच मी पाहिलेलं तिचं शेवटचं हसणं.

परवा चाकणच्या एका आजींनी नव्या सिस्टरच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे बोट केलं. "त्या बाईलाच घालू द्या." सुई पहिल्याच खेपेला लागली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकलं, आणि सुनंदाने ऐकलं का ते बघायला मी मागे वळले.