सदर मांजरीची नखे

फाईल उघडल्याशिवाय आयुष्यात एकही गोष्ट न केलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. हुडकेश्वरला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं काढली. एका सरकारी कचेरीत टिपण्या लिहिता लिहिता ते हेडक्लार्क झाले आणि निवृत्तही झाले, पण कचेरीला हे जितकं पटलं तितकं त्यांना कधी पटलं नाही. घरात गिझर घ्यायचा की नाही याची फाईल होती, अंगणातल्या पेरूची फांदी छाटायची की नाही याची होती. बाथरूममधला नळ गळतो म्हणून मी एकदा खाली सांगायला गेलो, तर काकांनी शांतपणे कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "लिहून दे गा. तोंडी सांगितलेलं टिकत नाही." नळ चौथ्या महिन्यात दुरुस्त झाला. दरम्यान माझी फाईल मी चोरून वाचली. तिच्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'भाडेकरू स्वभावाने बरा वाटतो. चपला मात्र कोठेही काढतो.'

घराणं त्यांचं विणकरांचं. वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. काका शिकले आणि कचेरीत लागले, मागावर कधी बसले नाहीत, पण बोटांना ते कुणी सांगितलं नसावं. समोर माणूस आला की त्याच्या शर्टाची बाही आधी त्यांच्या चिमटीत जायची. मी खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारलं नाही. बाही चोळली आणि म्हणाले, "पॉलिस्टर. उन्हाळ्यात कसं करशील रे बाबा?" एका लग्नात त्यांनी खुद्द नवरदेवाच्या शेरवानीची किनार उलटून बघितली होती आणि वरमाय तासभर फुगून बसली होती. काकूंनी तेव्हा सगळ्यांची समजूत घातली. काकांच्या मागून फिरत समजूत घालणं हे काकूंचं चाळीस वर्षांचं काम होतं आणि त्या ते हसत करायच्या.

या घरात चिंगी आली ती कुठलीही फाईल न होता, आणि काकांचं पहिलं दुखणं तेच होतं. एका मे महिन्यात कूलरच्या मागे गारव्याला येऊन बसलेलं एक भुरकं पिल्लू काकूंनी उचललं, वाटीत दूध दिलं आणि विषय संपवला. काका तिला नावाने हाक मारत नसत. बोलताना 'ते' आणि लिहिताना 'सदर मांजर'. चिंगीलाही त्याचं काही वाटत नसे. ती काकूंची होती. काकू भाजी निवडायला बसल्या की ही मांडीत, काकू पोथी उघडून बसल्या की ही पोथीवर. मधल्या वेळात ती कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर नखं घासायची, आणि तेवढ्याने भागलं नाही की जिना चढून माझ्या ब्लँकेटवर. माझ्या आईने दिलेलं ते एकुलतं ब्लँकेट तिने दोन हिवाळ्यांत पार पिंजून टाकलं, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पुढे काकूंच्या हृदयाची झडप बदलावी लागली. ऑपरेशन छान झालं, पण रक्त पातळ राहण्याची गोळी जन्माची मागे लागली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, कापू नका, खरचटू नका, पडू नका. काकूंच्या हातातली विळी गेली. त्यांची नखंसुद्धा दर रविवारी काका कापायचे, तीही चष्म्यावर चष्मा लावून. आणि एके दिवशी कुकरची शिट्टी झाली, मांडीवरची चिंगी दचकून उडाली आणि जाता जाता काकूंच्या हातावर चार रेघा ओढून गेली. आपल्याला त्यावर फुंकर पुरली असती. काकूंचं रक्त थांबेना. एक रुमाल झाला, दुसरा झाला, मग टॉवेल. मी आणि काका त्यांना घेऊन धंतोलीच्या दवाखान्यात धावलो. तिथे पट्टी दाबून धरून तासाभराने रक्त थांबलं. तेवढा वेळ काका बाकावर बसून स्वतःच्या शर्टाची बाही चिमटीत चोळत होते. डॉक्टर म्हणाले, मांजर तरी दुसरीकडे द्या, नाहीतर तिच्या नखांचं काहीतरी करा. मांजर द्यायला काकू तयार नव्हत्या. "तिले देऊन द्याल त मलेही तिच्याच संगं देऊन द्या," एवढंच त्या म्हणाल्या. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं की परदेशात मांजरांची नखं ऑपरेशन करून कायमची काढून टाकतात, आपणही काढू.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली गेली. 'विषय: सदर मांजरीची नखे कायमस्वरूपी काढून टाकणेबाबत.' मग अभिप्राय मागवणं सुरू झालं. दूधवाल्याने सायकलच्या हँडलवर कागद ठेवून 'नख नाही तर मांजर कशाची' असं लिहून दिलं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी दोन पानं लिहिली, त्यात मांजराचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. मोलकरणीचं म्हणणं काकांनी स्वतः उतरून घेतलं आणि तिला वाचून दाखवून खाली सही घेतली. माझ्याकडे कागद आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ब्लँकेट होतं. मी लिहिलं, 'नखे काढण्यास माझी हरकत नाही.' वर तारीखही टाकली. काका दिवसभर ही फाईल काखेत घेऊन फिरायचे. काकूंना पुन्हा लागलं तर काय, हा एकच प्रश्न त्या सगळ्या कागदांखाली होता. तो त्यांनी कुठे लिहिला नव्हता, पण घरातल्या प्रत्येकाला तो ऐकू येत होता.

शेवटी तज्ज्ञांचा अभिप्राय हवा म्हणून आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी स्कूटर चालवत होतो, काका मागे, आणि त्यांच्या मांडीवर झाकणाच्या टोपलीत चिंगी सगळ्या मानेवाडा रोडला ऐकू जाईल असं ओरडत होती. डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला मऊ होत्या. त्यांनी चिंगीचा पंजा हलकेच दाबला, नख बाहेर आलं. "हे नुसतं उपटून निघत नाही, काका," त्या म्हणाल्या. "ते हाडातून उगवतं. कायमचं काढायचं तर बोटाचं शेवटचं पेरच कापावं लागतं. दर बोटाचं." आणि नीट कळावं म्हणून त्यांनी काकांचं बोट धरून टोकाच्या सांध्यावर आपलं नख टेकवलं. "इथून. आम्ही नाही करत ते." मग त्यांनी एक लहानसं नखकातर काढून टोक कसं कापायचं, आतला गुलाबी भाग कसा सांभाळायचा ते दाखवलं. काका कातरीकडे बघतच नव्हते. ते आपल्या बोटाकडे बघत होते.

परत येताना चौकातल्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला. "माह्या बाबाचं एक पेर गेलं होतं गा. पारशिवनीले सोयऱ्याकडं गेले आन् कडब्याची कुट्टी कराच्या मशीनमंदी बोट आलं. एवढुसं पेर. बाकी हात धड होता. पण मागावरचा धागा तुटला का त्याइले जोडता ये ना. जोडाले तेच टोक लागते. माही माय चूल सोडून याची, जोडून द्याची, परत जायाची. दिवसातून शंभरदा. बाबा तिच्याकडं पाह्यत नसत." मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी म्हणालो, "काका, माहं मत बदललं." ते म्हणाले, "आता नाही बदलत. तारीख टाकली तू." पण आवाजात धार नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी शेवटची टिपणी लिहिली आणि फाईल 'मान्यतेस्तव सादर' करून काकूंच्या पुढे ठेवली. माझ्या माहितीत तेवढी एकच फाईल त्यांनी कुणाच्या पुढे ठेवली असेल. काकूंनी पानं चाळली, दूधवाल्याच्या अक्षराला हसल्या आणि म्हणाल्या, "अजी, एवढे कागद काहून काळे करून राहिले? रविवारी माही कापता, तवा तिचीही कापत जा." त्यांनी सही केली नाही. फाईल पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून दिली.

तेव्हापासून रविवारची सकाळ बघण्यासारखी असायची. आधी काकू, मग चिंगी. काका इतवारीत जाऊन, सतरा दुकानांतलं कापड चोळून जाड सुती कापड घेऊन आले आणि काकूंना मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतली. मे महिन्यात त्या बाह्या घालून काकू कूलरपुढे बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "याइच्या फाईलचा निकाल आहे हा." त्यांना पुन्हा कधीही लागलं नाही. चिंगी दर रविवारी एवढी शहाण्यासारखी बसायची की मला माझ्या ब्लँकेटवरून तिचा राग येईनासा झाला. काकांनी तिला नावाने हाक मारलेलीही मी एकदा ऐकली, मात्र खोलीत कुणी नाही असं समजून.

पुढे माझं लग्न झालं आणि मी दुसरीकडे राहायला गेलो. मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या, दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. मला कामामुळे पोचायला दोन दिवस लागले, याचं मला अजून वाईट वाटतं. परवा पुन्हा जाऊन आलो. काका खुर्चीत बसले होते, चिंगी मांडीवर. त्यांनी चहाचा कप पुढे केला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे होते, काही ताजे, काही खपली धरलेले.

"काका, नखं कापणं बंद केलं का?" मी विचारलं.

"आता कोनासाठी कापू?" ते म्हणाले. "माहं रक्त थांबते गा."

चिंगीने झोपेतच अंग ताणलं आणि पंजे त्यांच्या पायजम्यात रुतवले. काका जरासे कळवळले, पण मांडी हलवली नाही. मी निघालो तेव्हा ते नेहमीसारखे दारापर्यंत पोचवायला आले नाहीत. तिची झोप मोडली असती.